‘जाळण्यात आली’, पण कोणी जाळली?

रविवार, रात्री

निबंधाचा तिसरा खर्डा आज संध्याकाळी हातावेगळा झाला. एम. ए.च्या या सेमिनारला लेखी परीक्षा नाही. दर आठवड्याला दोन पानी टिपण, त्यावर वर्गातील दोघांचे लेखी अभिप्राय, आणि सत्राअखेर एक मोठा निबंध, तोही तीनदा लिहून द्यायचा. माझा विषय दख्खनचे दंगे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि पुढे हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत पोहोचले.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते, ‘अनेक गावांत सावकारांच्या वह्या व कर्जखते जाळण्यात आली.’ मॅडमनी शेवटच्या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि समासात ‘कोणी?’ एवढेच विचारले होते. प्रथम मला ही व्याकरणाची चूक वाटली. मग मी ते पान पुन्हा वाचले. शेतसारा वाढवण्यात आला, कर्ज देण्यात आले, चौकशी करण्यात आली. एका पानावर अशी अकरा क्रियापदे सापडली आणि त्यांपैकी एकालाही कर्ता नव्हता. तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणी करून सारा वाढवला तो सरकारने. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला भाव आला म्हणून सढळ हाताने उचल दिली आणि युद्ध संपताच हात आखडता घेतला तो व्यापाऱ्यांनी व सावकारांनी. ही नावे घेतल्याबरोबर निबंधाचा रोखच बदलला.

ही क्रियापदे माझ्या लेखणीत आली कोठून, हे शोधताना मला खरा धक्का बसला. माझ्या निबंधाची मांडणी दंग्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाच्या अहवालाबरहुकूम होती. १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवलेल्या या अहवालाने दोष सावकारांवर ठेवला आणि वाढलेल्या साऱ्याला त्यातून जवळजवळ मोकळे केले. हा निष्कर्ष मला पटला आहे असे मी कोठेही लिहिले नव्हते, तरी माझे प्रत्येक वाक्य तो मान्य करूनच चालले होते. हे लिहून पाहिले नसते, तर मला कधीच कळले नसते.

दुसऱ्या खर्ड्यावरचा अभिप्राय एका वर्गमित्राचा होता. त्याच्या घराण्याचे नगर जिल्ह्यातील एका गावात पिढ्यान्‌पिढ्या दुकान आहे. त्याने लिहिले, ‘तुझ्या निबंधात सावकार फक्त मार खायला येतो. त्याच्या हाती पैसा कोठून येत होता, हे तू विचारतच नाहीस.’ दिवसभर मला वाईट वाटत राहिले, पण त्याचे म्हणणे रास्त होते. मुंबईचा निर्यातदार शहरातल्या सावकाराला उचल देई, तो खेड्यातल्या सावकाराला आणि तो शेतकऱ्याला. ही साखळी निबंधात आल्याशिवाय सुप्याची गोष्ट सांगताच येत नाही.

या आठवड्यातला सर्वाधिक वेळ मात्र एका परिच्छेदाने घेतला. जमावाला हवे होते ते कागद. सावकाराने रोखे मुकाट्याने दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. त्या कागदांबद्दलचा एवढा राग समजायला १८५९ चा मुदतीचा कायदा समजावा लागतो. रोख्याची मुदत तीन वर्षांवर आली, म्हणून दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले जाई. ऋणकोला संरक्षण मिळावे म्हणून केलेला कायदा त्याच्याच गळ्याशी आला. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्याने नांगराची निशाणी करून हे खत मान्य केले. हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही, आणि ते शब्द न फुगवता लिहिणे मला फार अवघड गेले.

उद्या अकरा वाजता खर्डा द्यायचा आहे. ते जुने वाक्य आता ‘सुप्याच्या शेतकऱ्यांनी’ असे सुरू होते. पण त्या दिवशी आसपासच्या गावांतूनही माणसे आली होती, म्हणून ‘सुप्याच्या’ हा शब्द मी आत्ताच खोडला आहे. त्याच्या जागी काय लिहावे, ते अजून ठरत नाही.