तुमच्याकडे हवा कुणाची?

सांगलीला गेलो की दोन दिवसांच्या आत हा प्रश्न येतोच. मामा विचारतात, दाढीला बसलो की सलूनवाला विचारतो, एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून आलोय कळल्यावर विचारतो, "मग, तुमच्याकडे हवा कुणाची?" मी म्हणतो, काय सांगू, तिथे कोणी बोलतच नाही. त्यावर मामांचा पुढचा प्रश्न ठरलेला. "अरे, साऱ्या जगाचं राजकारण करणारा देश आणि तिथल्या माणसालाच त्यात रस नाही, असं कसं?"

चहा संपतो, कोणीतरी येतं, आणि माझं उत्तर दरवेळी अर्धवट राहतं. तुम्हीही तेच विचारलंत, अमेरिकन माणसाला राजकारणात रस का नाही, म्हणून आज पूर्ण सांगतो.

अध्यक्ष निवडायचा असतो तेव्हा अमेरिकन माणूस काही अगदीच घरात बसत नाही. 2020 साली मताचा हक्क असलेल्यांपैकी साधारण 66 टक्क्यांनी मत दिलं. आपल्या 2024 च्या लोकसभेचा आकडाही तेवढाच. खरी मजा अध्यक्षाचं नाव मतपत्रिकेवर नसतं तेव्हा. 2014 साली अख्खं प्रतिनिधिगृह, म्हणजे आपल्या लोकसभेसारखं सभागृह, निवडायचं होतं, तर शंभरातले 36-37 आले. महापौराच्या निवडणुकीला तर कित्येक शहरांत पाचातला एकही येत नाही.

मी ओहायोतल्या कोलंबस शहराजवळच्या एका गोदामात कामाला आहे. तिथे आमचा एक फोर्कलिफ्टवाला आहे, पन्नाशी उलटलेला. 2022 च्या नोव्हेंबरात एका बुधवारी मी त्याला विचारलं, काल मत दिलंस का? तो म्हणाला, "काल होतं?" माणूस बुद्दू नाही. क्लीव्हलंड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कुठल्या खेळाडूचा कुठला गुडघा दुखावलाय ते त्याला तोंडपाठ असतं.

त्याचा दिवस बघा. पाळी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. मतदान केंद्र साडेसहाला उघडतं, साडेसातला बंद होतं. घर पन्नास मिनिटांवर, वाटेत नातीला घ्यायचं. आणि वार मंगळवार, सुट्टी नाही. हा मंगळवार 1845 च्या कायद्याचा. रविवारी चर्च, मग घोडागाडीने तालुक्याच्या गावी पोचायला एक दिवस, असा तेव्हाच्या शेतकऱ्याचा हिशोब होता. घोडे गेले, मंगळवार राहिला. आधी जाऊन मत देण्याची सोय ओहायोत आहे, पण एका काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाला, एकच केंद्र. आमच्या फ्रँकलिन काउंटीत तेरा लाख माणसं राहतात.

शिवाय यादीत नाव घालणं हे ज्याचं त्याने बघायचं. आपल्याकडे निदान बीएलओ दार वाजवतो. इथे उलट, बरेच दिवस मत दिलं नाही तर नाव जाऊ शकतं. अ‍ॅक्रनजवळच्या एका माजी नौसैनिकाचं तसंच झालं. 2008 नंतर काही निवडणुका त्याने सोडल्या, 2015 ला मत द्यायला गेला तर यादीत नावच नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2018 साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल ओहायो राज्याच्या बाजूने लागला.

पण वेळ आणि कागद हे निम्मंच कारण. सांगलीत राजकारण एवढं बोललं जातं, कारण ते कामाला येतं. नळाला पाणी नाही, दाखला अडलाय, लाव नगरसेवकाला फोन. तो बारशाला येतो, सावडायलाही येतो. ओहायोत लायसन काढायचं तर बीएमव्हीच्या, म्हणजे तिथल्या आरटीओच्या, ऑफिसात नंबर घेऊन बसायचं. कोणाची चिठ्ठी लागत नाही, आणली तरी चालत नाही. मला हे आवडतं, खोटं कशाला बोलू. पण त्यामुळे राजकारण म्हणजे टीव्हीवर भांडणारी माणसं, एवढंच उरतं. प्यू संस्थेच्या 2023 च्या पाहणीत 65 टक्के लोक म्हणाले होते की राजकारणाचा विचार केला की बहुतेक वेळा थकवा येतो. आशा वाटते म्हणणारे फक्त दहा टक्के.

अध्यक्षाच्या निवडणुकीतही ओहायोच्या मताला आता पूर्वीचं वजन नाही. 1964 पासून 2016 पर्यंत ओहायो ज्याच्या मागे गेलं तोच दरवेळी अध्यक्ष झाला, म्हणून उमेदवार इथे तळ ठोकून असायचे. आता निकाल आधीच ठरलेला धरतात, त्यामुळे ते शेजारच्या पेनसिल्व्हेनियात आणि मिशिगनमध्ये फिरतात.

आता खरं दुखणं. मतदारसंघांच्या सीमा सत्तेतला पक्ष आपल्या सोयीने आखतो, ही तिकडची जुनी खोड, 1812 पासून तिला स्वतंत्र नाव आहे: जेरीमँडरिंग. ओहायोच्या लोकांनी ती मोडायचं ठरवलं. 2015 मध्ये राज्याच्या विधिमंडळासाठी 71 टक्के आणि 2018 मध्ये वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहासाठी 75 टक्के मतांनी राज्यघटना बदलली. एवढं एकमत आपल्या सोसायटीच्या पार्किंगवरही होत नाही. मग 2022 आलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाचे नकाशे पाच वेळा बेकायदा ठरवले, प्रतिनिधिगृहाचे दोनदा. आणि निवडणूक? बेकायदा ठरलेल्या नकाशांवरच झाली. त्या घोळात विधिमंडळाची प्राथमिक फेरी, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणारं मतदान, ऑगस्टवर ढकलली गेली आणि तिला आठ टक्केही लोक आले नाहीत. याला कोणी आळस म्हणालं की माझं डोकं फिरतं. माणसं आली होती, जिंकलीही होती. जिंकून हातात काय पडलं ते त्यांनी पाहिलं होतं.

त्याच ओहायोत, पुढच्याच ऑगस्टात, काय झालं तेही सांगायला हवं. विधिमंडळाने लोकांपुढे एक प्रश्न ठेवला: यापुढे राज्यघटना बदलायला निम्म्याहून जास्तऐवजी 60 टक्के मतं लागावीत का? नोव्हेंबरात गर्भपाताच्या हक्कावर मतदान व्हायचं होतं, त्याची वाट अडवण्यासाठी हे आहे, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. भर उन्हाळा, लोक सुट्टीवर, मतपत्रिकेवर एकही उमेदवार नाही. तरी तीस लाखांवर माणसं आली आणि 57 टक्के 'नाही' म्हणाली. हो किंवा नाही, आणि उत्तराचं काय होणार ते स्पष्ट. मध्ये ना नकाशा, ना पक्ष.

आमचा फोर्कलिफ्टवाला गेला होता. आधीच्या शनिवारी, काउंटीच्या त्या एकमेव केंद्रावर, रांगेत दीड तास उभा राहून. नोव्हेंबरातही गेला. तेव्हा गर्भपातासोबत गांजाचाही प्रश्न होता, आणि त्यावरचं त्याचं मत गोदामात सगळ्यांना ऐकावं लागलं. शाळा समितीच्या उमेदवारांचा रकाना मात्र त्याने कोरा सोडला. म्हणाला, "त्यातला एकही माणूस मला माहीत नाही. तुला?"

मलाही नव्हता. मी वरची दोन नावं भरून आलो होतो.