कटरचा पिस्टन घेताय? आधी व्हर्नियर काढा

मे २०२१ च्या तौक्ते वादळात झाडं पडली तेव्हा आमच्या सिंधुदुर्गात बऱ्याच पडव्यांमध्ये कटर (लाकूड कापायची चेनसॉ) आला, आणि आता त्या मशिनींचे पिस्टन जायला लागलेत. त्यामुळे हल्ली कोणी भेटलं की एकच प्रश्न, "बिग बोअर घातलो तर पावर वाढतली मां?" बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, आणि बिग बोअर म्हणजे मोठ्या व्यासाचा सिलिंडर-पिस्टन. उत्तर एका वाक्यात देता येत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. आपल्यातले बरेच जण यामाहाची आरएक्स १०० बाइक उघडून टू-स्ट्रोक शिकलेत. तिथे लोखंडी स्लीव्ह असते, पिस्टन गेला की लेथवाल्याकडे जायचं, ०.२५ किंवा ०.५० ओव्हरसाइज बोअर मारून घ्यायचा, विषय संपला. चांगल्या कटरच्या सिलिंडरला आतून निकासिल नाहीतर क्रोमचं पातळ प्लेटिंग असतं, ते खरवडलं की खाली नुसतं ॲल्युमिनियम. तिथे ओव्हरसाइज हा प्रकारच नाही. बोअर वाढवायचा म्हणजे सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही बदलायचे.

आता हस्कवार्ना ३६५ या कटरचं उदाहरण घेऊ, कारण मॉडिफाय करणाऱ्यांची ही जगभरात लाडकी मशीन आहे. जुन्या ३६५ ला बोअर ४८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३६, म्हणजे ६५.१ सीसी आणि ३.४ किलोवॅट. तिचीच थोरली बहीण ३७२ एक्सपी, खालचं इंजिन तेच, फक्त बोअर ५०, म्हणजे ७०.७ सीसी आणि ३.९ किलोवॅट. म्हणून लोक जुन्या ३६५ वर ३७२ चा सिलिंडर-पिस्टन चढवतात आणि ते खरंच चालतं. पण गंमत अशी की नंतर आलेली ३६५ एक्स-टॉर्क मुळातच ७०.७ सीसीची आहे, तिचा पिस्टन ५० चाच, वर त्याला बाजूने खाचा असतात कारण ट्रान्सफरमध्ये (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वाटेत) आधी नुसती हवा घ्यायची असते. म्हणजे दुकानात जाऊन "३६५ चा पिस्टन द्या" म्हटलं की हातात ४८ येईल का ५० याची काही गॅरंटी नाही, आणि ५० आला तरी साधा का खाचांचा हे वेगळंच. नावावर घेऊ नका. बोअर, पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनचा व्यास, पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची आणि स्कर्टची (पिस्टनच्या खालच्या भिंतीची) लांबी, एवढं जुन्या पिस्टनवर मोजून लिहून न्या.

स्कर्टबद्दल थोडं जास्त बोलतो कारण सगळे इथेच गंडतात. आरएक्सला इनटेकवर रीड व्हॉल्व्ह (एकाच बाजूला उघडणारी पातळ पट्टी) आहे, त्यामुळे हवा कधी आत घ्यायची हे तो रीड बघतो. कटरमध्ये सहसा रीड नसतो, इनटेकचं दार म्हणजे पिस्टनचा स्कर्टच. नवीन पिस्टनचा इनटेककडचा स्कर्ट मिलीमीटरभर जरी आखूड आला तरी इनटेक लवकर उघडतो आणि उशिरा बंद होतो, मग वरच्या आरपीएमला थोडं बरं वाटतं पण खाली मशीन मेंगळट होते आणि कार्बोरेटरमधून मिश्रण उलटं थुंकते. एक्झॉस्टकडचा स्कर्ट आखूड असेल तर पिस्टन वर गेल्यावर पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतलं भोक) खालून उघडा पडतो आणि क्रँककेसमधलं ताजं मिश्रण थेट सायलेन्सरमध्ये जातं. पोर्ट रुंद करणार असाल तर स्कर्टची रुंदीही बघा, दोन्ही बाजूंनी पोर्ट झाकून थोडा उरला पाहिजे. आणि रिंगची टोकं अडवणारी छोटी पिन कुठे आहे तेही. टोक पोर्टवर आलं तर रिंग अडकून तुटते आणि सिलिंडर पण जातो.

पॉप-अप पिस्टन, म्हणजे डोकं वर आलेला, कॉम्प्रेशन वाढवतो हे खरं. पण माझं मत विचाराल तर आधी स्क्विश मोजा, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना त्याचं डोकं आणि सिलिंडरचं छत यांतली कडेची फट. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार पिनच्या रेषेत भिंतीपर्यंत घाला (आडवी घातली तर पिस्टन कलतो आणि माप चुकतं), दोरी ओढून फिरवा आणि चेपलेलं टोक मोजा. ०.५ मिमीच्या आसपास आलं तर उत्तम. एक मिमी येत असेल तर बेस गॅस्केट काढून सीलंट लावलं तरी फरक कळतो, फक्त त्याने सिलिंडर खाली बसतो आणि एक्झॉस्ट उशिरा उघडतो हे लक्षात ठेवा, आणि गॅस्केट काढल्यावर परत मोजल्याशिवाय मशीन चालू करू नका.

ब्रँडचं म्हणाल तर ओरिजिनल परवडत नसेल तर इटलीचा मीटिऑर. महाग वाटतो पण कास्टिंग आणि रिंग चांगल्या. चायनीजमध्ये हायवे नावाचा बरा. बाकी बिननावाच्या डब्यातले ५२ मिमीचे बिग बोअर किट, कागदावर ७६.५ सीसी, मी तरी कोणाला सांगत नाही. पोर्टच्या कडा धारदार, चॅम्फर (कडेचा उतार) नीट नाही, कधी प्लेटिंगच पोर्टच्या कडेला उचललेलं. चांगला ५० त्याच्यापेक्षा जास्त कापतो आणि जास्त टिकतो. कुठलाही घ्या, वजनकाट्यावर जुन्याशेजारी ठेवा. साडेतेरा हजार आरपीएमला दहा ग्रॅमचा फरक हाताला मुंग्या आणतो.

बसवताना बाण एक्झॉस्टकडे. पिन अडवून धरणारी सर्कलिप नवीनच, तोंड वर किंवा खाली, आडवं कधीच नाही. रिंग नुसती सिलिंडरमध्ये सरकवून गॅप बघा, ५० च्या बोअरला ०.२ मिमीपेक्षा कमी नको.

आणि हे सगळं करायच्या आधी जुना पिस्टन उजेडात धरा! इनटेककडे ओरखडे असतील तर फिल्टरमधून धूळ गेलीय. एक्झॉस्टकडे चिकटून ओढल्यासारखं असेल तर ऑइल कमी किंवा मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त), आणि लीनचं कारण बरेचदा क्रँकचं सील नाहीतर इनटेकचा रबर फाटलेला. ते न शोधता इटलीचा पिस्टन घातला तरी तोही तसाच जाणार.

आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, त्यात ऑक्सिजन जास्त म्हणून त्याच सेटिंगला मशीन आणखी लीन चालते. नवीन पिस्टन, मोकळा केलेला सायलेन्सर आणि ई२० असं एकत्र आलं तर कार्बोरेटरचा एच स्क्रू (वरच्या आरपीएमचं पेट्रोल ठरवणारा) सैल करावाच लागेल. फुल थ्रॉटलला लोड नसताना आवाज जरा फाटका, अडखळता यायला हवा आणि लाकडात घातल्यावर साफ व्हायला हवा. हवेतच सुईसारखा स्वच्छ वाजत असेल तर लगेच थ्रॉटल सोडा. पहिल्या दोन-तीन टाक्या थोडं रिचच (पेट्रोल जास्त) ठेवून आंब्याच्या फांद्या कापा, फणसाचे बुंधे नंतर.