नवी ॲल्युमिनियम हेड: सात नंबरच्या ठिपक्यांचा उलगडा

शेव्ही ३५०, म्हणजे शेव्हरलेच्या आठ सिलिंडरच्या इंजिनातला, सात नंबरच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग अखेर स्वच्छ निघाला. प्लगच्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके मागच्या नोंदीपासून पिच्छा सोडत नव्हते. दोष प्लगचा नव्हता आणि हेडचाही नव्हता.

आधी बसवणीचं थोडक्यात: बिडाची जुनी हेड (सिलिंडरांवरची झाकणं) काढून ॲल्युमिनियमची बसवली. ज्वलनाचे चेंबर ६४ सीसीचे आहेत. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणून पातळ पत्र्याचं शिम गॅस्केट बाद करून कॉम्पोझिशन गॅस्केट घातलं. बोल्टच्या डोक्याखाली कठीण पोलादी वॉशर हवाच. तो नसेल तर डोकं ॲल्युमिनियम खरवडतं आणि टॉर्कचा आकडा फसवा येतो. प्रत्येक हेडचे १७ बोल्ट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात. त्यामुळे आट्यांना सीलंट, डोक्याखाली तेल, मधून बाहेर असा क्रम, तीन टप्पे आणि शेवटी ६५ फूट-पाउंड. हेड बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. पुशरॉडची (कॅमची हालचाल रॉकरमार्फत व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्याची) लांबी ॲडजस्टेबल पुशरॉड लावून मोजली, रॉकरचा ठसा व्हॉल्व्हच्या टोकावर बरोबर मधोमध पडतोय. यावर समाधान आहे.

आता प्लग. बिडाच्या हेडमधले जुने प्लग निमुळत्या सीटचे आणि आखूड आट्यांचे होते, ते इथे चालणारच नाहीत. नव्या हेडला १४ मिमी व्यास, १९ मिमी आटे आणि वॉशरची सपाट सीट लागते. आखूड प्लग लावला तर सीट धरत नाही, शिवाय आतले उघडे आटे काजळीने भरतात आणि पुढे योग्य प्लगही घट्ट जातो. एनजीके बीकेआर६ई घेतले: बी म्हणजे १४ मिमी, के म्हणजे १६ मिमीचा षटकोन, आर म्हणजे रेझिस्टर, ६ ही हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर बाहेर सोडतो त्याचा आकडा) आणि शेवटचा ई म्हणजे १९ मिमी आटे. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग जास्त थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, असतो, ऑटोलाइटमध्ये नेमकं उलट. ब्रँड बदलताना आकड्यावरून अंदाज बांधू नका, तक्ता उघडा.

ठिपके म्हणजे डिटोनेशन (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट), म्हणून पहिला संशय हीट रेंजवर गेला. एक पायरी थंड, म्हणजे हीट रेंज ७ चे प्लग लावले. ठिपके तसेच राहिले, वर आयडलला काजळी धरू लागली, कारण टोक ४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं नाही तर प्लग स्वतःला साफ करू शकत नाही. टोटल टायमिंग (पिस्टन वर पोचण्याच्या जास्तीत जास्त किती अंश आधी ठिणगी पडते ते) ३६ वरून ३३ अंशांवर आणलं. या चेंबरमध्ये ज्वाला लवकर पसरते, त्यामुळे ते तसंही योग्यच होतं. ठिपके कमी झाले, गेले नाहीत. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढली जातेय का तेही तपासलं, गळती नाही. आणि बाकीचे सातही प्लग साफ. हीट रेंज चुकली असती तर एकट्या सातने का भोगावं?

उत्तर फायरिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या क्रमात होतं: १-८-४-३-६-५-७-२. पाच आणि सात शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात. नव्या हेडमध्ये प्लगचा कोन बदलला, हेडर (धुराच्या तापलेल्या नळ्या) चुकवण्यासाठी या दोघांच्या वायर एकाच क्लिपमध्ये समांतर गेल्या. पाचची ठिणगी पडताना सातच्या वायरमध्ये व्होल्टेज प्रेरित होतं. त्या क्षणी सातचा पिस्टन स्वतःच्या ठिणगीच्या ९० अंश मागे असतो, दाब कमी असतो, त्यामुळे तेवढ्या व्होल्टेजवरही ठिणगी उडते. मिश्रण फार लवकर पेटतं. सातची वायर वेगळ्या क्लिपमधून नेली, पाचपासून इंचभर अंतर ठेवलं, जिथे ओलांडणं भाग होतं तिथे काटकोनात ओलांडली. ठिपके बंद!

आता हीट रेंज ७ चे प्लग काढून पुन्हा ६ लावतोय. कॅम बदलून पेटण्याच्या क्रमात चार आणि सातची अदलाबदल करायचाही विचार आला, पण त्याने लागोपाठ पेटणारी शेजारी जोडी चार आणि दोनवर सरकते, एवढंच. तो खर्च नको, हेडरजवळच्या दोन वायरना सिरॅमिक बूट (प्लगवर बसणारी टोपणं) घेतो.

प्लग बसवताना सुरुवातीचे आटे व्हॅक्यूम नळीच्या तुकड्याने फिरवा. आटे तिरके धरले तर नळी घसरते आणि हेड वाचतं. पाना लावला की ते कळत नाही. लुळ्या सांध्याचं सॉकेट तिरकं बसून चिनीमाती तडकवतं, ते टाळाच. टॉर्क १८ ते २२ फूट-पाउंड, आटे कोरडे. मुलामा दिलेल्या आट्यांना अँटी-सीझ लागत नाही, लावलंच तर टॉर्क साधारण एक तृतीयांशाने कमी करा.

गॅप (ठिणगी उडते ते अंतर) सध्या ०.०४० इंच आहे. पुढच्या वेळी पूर्ण थ्रॉटलची धाव घेऊन इंजिन तिथेच बंद करणार आणि ग्राउंड स्ट्रॅपवरची (प्लगच्या टोकावरच्या वाकड्या पट्टीवरची) रंग बदलल्याची रेघ पाहणार. ती वळणाजवळ आली तर ६ कायम. टोकाकडे सरकलेली दिसली तर ५ लावून बघायचे आहेत.