भांगाची भरती आणि अर्धी राहिलेली तिसरी रेघ

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आत्ता बूट झटकले तर खोलीभर वाळू. रूममेट म्हणाली, "अगं, अख्खी दापोली सदाशिव पेठेत आणलीस की काय!" समोर आलेखाचा कागद आहे. त्यावर पुळणीचे, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या उताराचे, तीन छेद काढायचेत. दोन काढून झाले, तिसरा अर्ध्यावर अडलाय.

काल पहाटे चारला निघालो होतो. दापोली तालुक्यातल्या एका गावात धूपप्रतिबंधक बंधारा कितपत काम करतो हे तपासायचं होतं. (गावाचं नाव लिहीत नाही. बंधाऱ्यावरून तिथं दोन तट आहेत आणि मला दोन्हीकडे चहा मिळाला आहे.) ओहोटी साडेअकराला, म्हणून दहापर्यंत पोचायचं ठरलं होतं. ताम्हिणी उतरल्यावर माणगावच्या अलीकडे गाडीने मान टाकली आणि पोचायला अडीच वाजले.

वाळूवर जाळं शिवत बसलेल्या काकांना विचारलं, भरती किती वाजता? त्यांनी मोबाइल काढला नाही. "आज सप्तमी. साताचे पाऊणपट सव्वापाच." आमच्या छापील तक्त्यातही दहा मिनिटांच्या फरकाने तेच! तिथीला पाऊणने गुणायचं, बस. एम.ए.च्या दोन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग पळापळ. पहिला छेद बंधारा नसलेल्या भागात, सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत. दोन रेंजिंग रॉड, टेप, क्लिनोमीटर, दर पाच मीटरला उताराचा कोन. मिनिटाला नऊ लाटा मोजल्या. किनाऱ्यालगतचा प्रवाह पाहायला मंडईतून चार संत्री नेली होती. एक गाडीतच कुणीतरी खाल्लं, दोन उत्तरेकडे गेली आणि उरलेलं जिथल्या तिथं डुचमळत राहिलं. अहवालात याला 'मर्यादा' म्हणायचं.

दुसरा छेद बंधारा संपतो तिथून पुढे. तिथं वाळूची उभी कड तुटलेली, माझ्या कमरेएवढी. माडाची मुळं हवेत लोंबत होती, केसांचा गुंता सुटल्यासारखी. पुस्तकात वाचलं होतं की बंधाऱ्याच्या टोकाशी लाटांचा मारा वळतो आणि पलीकडची जमीन जास्त झिजते. शिवाय बंधाऱ्यामागची वाळू अडकून पडल्याने शेजारच्या पुळणीला मिळत नाही. वाचलं होतं ते ठीक, पण ती मुळं हाताला लागली तेव्हा जरा गप्पच झाले. वाडीतल्या आजी बाहेर आल्या. मी प्रश्नावली काढली. बंधारा उपयोगी आहे असं वाटतं का? पूर्ण, काही अंशी, अजिबात नाही. आजी म्हणाल्या, "बंधारा बराच हाय गो. पन माज्या वाडीच्या अलीकडंच सरला."

कुठल्या चौकटीत खूण करू?

तिसऱ्या छेदासाठी बंधाऱ्यासमोर आलो तेव्हा साडेचार झाले होते आणि पाणी दगडांना टेकलेलं. टेप लावायला वाळूच नाही. पायथ्याचे दोन-तीन मोठे दगड घसरून रुतले होते, फटींत थर्माकोल आणि बाटल्या. सर वैतागले. मीही. येताना गाडीत डोक्यात आलं, सप्तमी म्हणजे भांग. उधाणाच्या मानाने भांगाच्या भरतीला पाणी कमी चढतं. तेही भरती पूर्ण व्हायच्या आधीच पायथ्याला लागत असेल, तर समोरची पुळण खाली गेलीय. पलीकडे बंधारा नसलेल्या भागात त्याच वेळी मी कोरड्या वाळूवर चालत आले होते. म्हणजे न काढता आलेला छेदच काहीतरी सांगत होता. सरांना सांगितलं तर म्हणाले, "एका दिवसावरून?" बरोबर आहे. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून आत नेतात, नंतरच्या शांत महिन्यांत ती परत येते. खरं मोजायचं तर आषाढातही जायला हवं.

आणि आषाढातल्या लाटेचा हिशेब वेगळा. बंधाऱ्याचा दगड किती जड हवा हे हडसनच्या सूत्रावरून काढतात. त्याप्रमाणे लाटेची उंची दुप्पट झाली तर दगडाचं वजन आठपट लागतं. हे सगळं आपल्या खडकवासल्याला टाक्यांमध्ये छोट्या लाटा काढून तपासतात. तिथलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासूनचं आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर समुद्र! लहानपणी चौपाटीवर कणीस खायला तिथूनच जायचो आम्ही, आत काय चालतं याचा पत्ता नव्हता.

अहवालातल्या गुणतक्त्यात बंधाऱ्याच्या परिणामाला उणे तीन ते अधिक तीन असे गुण द्यायचेत. बंधाऱ्यामागची नारळी-पोफळी शाबूत आहे, तिथं अधिक तीन द्यायला हात कचरत नाही. होड्या ओढायला वाळू उरली नाही म्हणणाऱ्या काकांचे उणे दोन. आजींचे उणे तीन. बेरीज केली तर उणे दोन येते, आणि त्या उणे दोनमध्ये तिघांपैकी कुणीच दिसत नाही. मी एका रकान्याचे तीन केलेत, वर लिहिलंय: मागे, समोर, शेजारी. सर खोडतील बहुतेक.

तिसऱ्या छेदाची रेघ दगडाशी थांबवून तिथं वेळ लिहिली, ४.३०. शेजारी 'सप्तमी'. आता केर काढते, नाहीतर रूममेट झोपू देणार नाही.