कृष्णाकाठची नाव: जुगूळ, यडूर, कल्लोळच्या नावघाटांवरून

मिरजेहून कागवाड, शिरगुप्पीमार्गे जुगूळकडे वळलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस लागतो आणि वाट खाली कृष्णेच्या काठाला उतरते. पलीकडे खिद्रापूर, कोपेश्वराचं देऊळ. हा काठ कर्नाटकातला, तो महाराष्ट्रातला. पण सोयरिकी दोन्ही काठांवर, शेतं दोन्ही काठांवर, आठवडी बाजारही दोन्हीकडचे. मधली नदी ओलांडायचं काम पिढ्यानपिढ्या नावेनं केलं. आम्ही जुगूळपासून यडूर-कल्लोळपर्यंत हिंडलो ते या नावेसाठी: ती कशी बांधतात, किती भार घेते, कुठे दगा देते आणि पूल-बंधारे झाल्यावरही तिची गरज का सरलेली नाही.

आधी पाण्याचा हिशोब. सांगलीच्या थोडं खाली हरिपूरला वारणा कृष्णेत येते, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा येते. पुढे राजापूर बंधारा, मग नदी कर्नाटकात शिरते. कल्लोळजवळ दूधगंगा मिळते, तीही वेदगंगेला पोटात घेऊन. म्हणजे कोयना, वारणा, राधानगरी, काळम्मावाडी, पाटगाव एवढ्या धरणांखालचं पाणी या छोट्याशा पट्ट्यात एकत्र येतं. जमीन सपाट, त्यामुळे नदी मोठमोठी वळणं घेते. वळणाच्या पोटातल्या मळ्यांना उन्हाळ्यातही तीन बाजूंनी पाणी असतं. पावसाळ्यात चौथी बाजू भरली की वस्तीचं बेट होतं.

पूल नव्हते तेव्हा माणूस एकटा असेल तर वाळल्या भोपळ्यांची सांगड छातीखाली घेऊन पोहत जाई. सामान असेल तर तराफा, नाहीतर गुऱ्हाळाची काहील, म्हणजे रस आटवायची मोठी पसरट कढई. आणि रोजच्या रहदारीला नाव. इंग्रजी मुलखात 1868 च्या कायद्यानंतर सरकारी तरींचा, म्हणजे नावेनं नदी पार करायच्या ठिकाणांचा, लिलाव होऊ लागला. मक्ता घेणारा ठरलेल्या दरानं माणूस, जनावर, गाडी, ओझं यांचा उतार, म्हणजे पलीकडे नेण्याचे पैसे, घेई. या पट्ट्यात मात्र मिरज, सांगली, कुरुंदवाड, कोल्हापूर अशा संस्थानांची गावं एकमेकांत मिसळलेली होती, त्यामुळे एका काठाचा अंमल एकाचा आणि दुसऱ्या काठाचा दुसऱ्याचा असंही असे. गावकरी नावाड्याला रोज पैसे देत नसत. सुगीला खळ्यावरून धान्य जाई, वर्षभर नाव मोकळी. नाव चालवणारे कोळी, भोई, अंबी किंवा अंबिग. अंबिगांच्या घरी आजही बाराव्या शतकातल्या अंबिगर चौडय्या या नावाडी शरणाची (बसवण्णांच्या परंपरेतल्या संताची) तसबीर दिसते. 1956 साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि नदी दोन राज्यांची हद्द झाली. नाव तीच राहिली.

इथली लाकडी नाव समुद्रातल्या होडीसारखी खोल पोटाची नसते. तळ सपाट, दोन्ही टोकं थोडी वर उचललेली. कारण धक्का नाही, जेटी नाही. नाव चिखलात नाक घालून उभी करायची आणि माणसं फळीवरून उतरवायची. अंदाजे वीस फूट लांब, पाच फूट रुंद, बाजू दोन फूट उंच. फळ्या सागाच्या, आतल्या फासळ्या बाभळीच्या. बाभळीची फांदी मुळातच वाकडी वाढते. तसा बाक बघून निवडली तर तंतू न कापता फासळी मिळते आणि ती मोडत नाही. सरळ लाकूड कापून बाक काढला तर तंतू आडवे तुटतात आणि पहिल्या मोठ्या धक्क्याला फासळी तिथंच चिरते.

फळ्यांच्या सांध्यांत कापसाचा पिळा ठोकून भरतात आणि वरून गरम डांबर, काही ठिकाणी राळ आणि तेल. पिळा सैल ठोकला तर पाणी येतं हे उघड आहे. जास्त ठोकला तरी वाईट, कारण लाकूड पाण्यानं फुगलं की पिळ्याला जागा उरत नाही आणि फळी खिळ्यांवरून उचलते. नवख्याचा हात इथंच ओळखू येतो. उन्हाळ्यात नाव काठावर उन्हात टाकली तर फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि पावसाच्या तोंडावर नाव चाळणीसारखी गळते. म्हणून जाणता नावाडी नाव सावलीत ठेवतो किंवा सरळ उथळ पाण्यात बुडवून ठेवतो. पाण्याखाली बुडालेली नाव बघून परका माणूस हळहळतो. खरं तर ती तिथं शाबूत असते.

आता पत्र्याच्या आणि फायबरच्या नावा जास्त. पत्र्याला सांधा भरायची कटकट नाही. पण तळात साचलेलं पाणी वेळेवर उपसलं नाही तर गंज आतून चढतो, वेल्डिंगच्या रेषेवर आधी. बाहेरून रंग दिलेला असतो, त्यामुळे तो दिसत नाही. फायबरची नाव हलकी असते, पण बंधाऱ्याच्या दगडावर घासली की तडा जातो आणि गावात तो दुरुस्त करणारा नसतो.

भाराचं गणित इथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे, फक्त ते बोटांनी मोजतात. आपण आकड्यांत मांडू. सहा मीटर लांब, दीड मीटर रुंद अशा नावेचा तळ टोकांच्या निमुळतेपणामुळे साधारण सव्वासहा चौरस मीटर पाण्यावर टेकतो. म्हणजे नाव एक सेंटिमीटर खाली बसायला सुमारे 63 किलो लागतात. एक माणूस, एक सेंटिमीटर. चाळीस लिटर दुधाचा भरलेला कॅन पन्नास किलोच्या आसपास. मोटारसायकल शंभराच्या वर. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, तीस किलोचा. पंधरा माणसं आणि दहा कॅन घेतले तर चौदाशे किलो, म्हणजे नाव जवळपास 22 सेंटिमीटर बसते. रिकाम्या नावेचं आठेक सेंटिमीटर धरलं तर बाजूच्या साठ सेंटिमीटरांतले तीस पाण्याखाली आणि तीस वर. शांत पाण्यात हे पुरतं.

मग नावा उलटतात कशानं? भारानं कमी, भार सरकल्यानं जास्त. काठ जवळ आला की सगळे एकदम उठून उतरायच्या बाजूला येतात, तिथं नाव कलते. दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही: तळातलं पाणी. पाच सेंटिमीटर पाणी साचलं तर ते तीनशे किलोंहून जास्त भरतं आणि नाव कलली की सगळं कललेल्या बाजूला धावतं. म्हणून पाणी उपसायचा कापलेला तेलाचा डबा हा नावेचा वल्ह्याइतकाच महत्त्वाचा भाग. डबा नसलेल्या नावेत बसू नये, हे आमचं स्पष्ट मत.

सामान लावायची रीतही यातूनच आली. जड ते तळात आणि मधोमध: दुधाचे कॅन, खताची पोती, गूळ. गुळाखाली फळ्यांचा उंचवटा हवाच, पाणी लागलं की रवा पाझरतो. वैरण, वाडे (उसाचे हिरवे शेंडे), तंबाखूची बोदं (गठ्ठे) हलकी पण उंच. ती वर रचली की वारा धरतात आणि नाव आडवी ढकलली जाते, म्हणून वैरणीच्या खेपेला माणसं कमी. "अण्णा, मधी बसा, काठावर नगो," हे वाक्य प्रत्येक खेपेला ऐकू येतं ते उगाच नाही. म्हैस नावेत चढवत नाहीत. मोरखी (तोंडाची दोरी) धरून नावेच्या खालच्या अंगानं पोहवत नेतात. नावेत तिनं एक पाय हलवला तरी चारशे-पाचशे किलो सरकतात. मोटारसायकली आणि मोठं सामान न्यायचं तर दोन नावा शेजारी बांधून वर फळ्यांची पाटण टाकतात. अशी जोडनाव कलत नाही, पण वळायला जड आणि दोरखंड सैल पडला तर दोन नावा एकमेकींवर आपटून फुटतात.

पार कसं करतात ते काठावर उभं राहून बघण्यासारखं आहे. पात्र दोनशे मीटर, धार ताशी तीन किलोमीटर आणि वल्ह्याचा वेगही तेवढाच धरला, तर नाक सरळ पैलतीराकडे ठेवणारा दोनशे मीटर खाली वाहून जाऊन लागतो. म्हणून नावाडी आधी काठाच्या संथ पाण्यातून धारेविरुद्ध वर जातो, तिथून तिरका सुटतो आणि वाहत वाहत बरोबर घाटावर येतो. परतताना पुन्हा तेच. धार दुप्पट झाली की वर जायचं अंतरही दुप्पट. घाट नेहमी नदीच्या सरळ पट्ट्यात असतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार काठ कापते, आतल्या अंगाला गाळ साचतो, दोन्हीकडे नाव लावणं अवघड.

पूर्वी उन्हाळ्यात बांबू तळाला टेकवून नाव रेटत. बंधाऱ्यांनी पाणी अडवल्यावर पंधरा-अठरा फुटी बांबूही बऱ्याच ठिकाणी टेकत नाही, आणि वल्ही, मग इंजिन आलं. इंजिनाचे शत्रू ठरलेले: जलपर्णी, मासेमारीची जाळी, उसाचा पाला. पंख्याला काही अडकलं की आतली मऊ पिन मुद्दाम तुटते, म्हणजे दांडा वाचावा. खिशात दोन जादा पिना नसतील तर नाव मधोमध वाहती होते. खिळा ठोकून काम भागवणारे गिअर फोडून घेतात. चालू इंजिनातून थंड पाण्याची धार बाहेर पडते की नाही ते बघत राहायचं. गढूळ पाण्यात गाळानं भोक बुजलं की इंजिन तापून बंद पडतं, तेही नेमकं जोराच्या धारेत. म्हणून इंजिनाच्या नावेतही वल्ही हवीतच.

आता खरा मुद्दा. पावसाळ्यात पाणी वाढलं की चिकोडी-निपाणी भागातले, ज्यांच्यावरून रहदारी चालते ते सखल बंधारे एकेक करून पाण्याखाली जातात: कृष्णेवरचा कल्लोळ-यडूर, दूधगंगेवरचे मलिकवाड-दत्तवाड आणि कारदगा-भोज, वेदगंगेवरचे भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी. दरवर्षी हीच नावं वर्तमानपत्रात. त्या दिवसांत मळ्यातल्या वस्त्यांचं दूध, पीठ, औषधं, बाळंतीण, सगळं पुन्हा नावेवर येतं. पण वर्षभर खेपा नसल्यानं नाव गळकी आणि नावाडी दुसऱ्या कामाला गेलेला. वर्षातले थोडे दिवस लागणारी ही नाव बाकीचे सगळे महिने सांभाळायला हवी, आणि नावाड्याला वर्षभराचं मानधन हवं. पूर आल्यावर नाव शोधणं म्हणजे उशीर झालेलाच असतो.

पुरातली नाव नदीतून कमी आणि शेतांवरून जास्त चालते. खाली उभा ऊस, तारेचं कुंपण, उपशाच्या मोटारी, पाइप. पाणी चढलेलं असल्यामुळे विजेच्या तारा डोक्याच्या उंचीवर. बुडालेल्या बांधावरून पाणी पलीकडे पडतं तिथं भोवरा. विहीर कुठे, तारा कुठे, बांध कुठे हे गावच्या नावाड्यालाच माहीत. बचाव पथकाची रबरी बोट कितीही चांगली असली तरी पुढे तो बसलेला हवा. ऑगस्ट 2019 मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर निघताना नाव उलटून माणसं बुडाली. या काठावर ती घटना कुणी विसरलेलं नाही. काहिलीनं तर पुरात जाऊच नये. सात-आठ फुटांची काहील भार चांगला उचलते, पण गोल असल्यानं धारेत गरगर फिरते, नाक कुठे ठेवायचं हेच राहत नाही. साचलेल्या पाण्यात, गळाभर खोलीपर्यंत दूध किंवा पोरंबाळं हलवायला ठीक.

नावेनं जायचं असेल तर दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत जा. मे-जूनला बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, पाणी झपकन उतरतं आणि घाटावर गुडघाभर चिखल उरतो. बसण्याआधी तळ कोरडा आहे का बघा, प्रत्येकाला जाकीट आहे का विचारा, नाव काठाला बांधेपर्यंत जागचे हलू नका. पाणी तांबूस होऊन वरून पालापाचोळा, फांद्या वाहू लागल्या असतील तर वर पाणी सुटलेलं आहे, त्या दिवशी लांबच्या पुलावरून वळसा घालून जा.