जुन्या ओम्नीचं क्लच पेडल अडकतं तेव्हा: माझा अनुभव

मारुती ओम्नीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं, तरी 796 सीसीच्या या गाड्या गावोगावी अजून पोटापाण्याची कामं करतायत. माझ्याकडच्या गाडीचं दुखणं असं होतं: पेडल दाबलं की अर्ध्यावर जड लागायचं आणि सोडल्यावर रेंगाळत वर यायचं. क्लच वायर नुकतीच नवी टाकलेली होती. नवी वायर इतक्या लवकर जड होत असेल तर तिसरी टाकण्यात अर्थ नाही. आधी कारण शोधायला हवं.

ओम्नीत क्लचला तेल नाही, सगळं वायरवर चालतं. पेडल, वायर, गिअरबॉक्सच्या बाजूचं लिव्हर, आत त्या लिव्हरचा शाफ्ट आणि फोर्क, फोर्कवर बेअरिंग, पुढे प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी). पेडल वर ढकलण्याचं बहुतेक काम प्रेशर प्लेटची डायाफ्राम स्प्रिंग (ताटलीच्या आकाराची) करते. अगदी वरच्या टप्प्यात, बेअरिंग प्लेटपासून सुटल्यावर, फक्त रिटर्न स्प्रिंग उरते. म्हणून पेडल नेमकं कुठे अडकतं ते आधी बघावं. वरचे दोनतीन सेंटीमीटर लोळत असेल तर रिटर्न स्प्रिंग किंवा पेडलचा बुश (ज्यात पेडलची पिन फिरते ती बाही). खालून वरपर्यंत सगळीकडे रेंगाळत असेल तर वायर किंवा आतला शाफ्ट. माझ्या गाडीचा प्रकार दुसरा होता. फ्लोअर मॅट पेडलखाली सरकलेली नाही ना, हेही याच वेळी बघून घ्यावं.

खरं निदान वायर सोडवल्यावर होतं. चाकांना पाचर लावली, गाडी स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर कधीच खाली शिरू नये), अ‍ॅडजस्टिंग नट ढिला करून वायरचं टोक लिव्हरमधून काढलं. आता तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासता येतात.

पेडल: दुसऱ्या टोकालाही वायर सोडवून पेडल हाताने हलवलं. पटकन स्प्रिंगने वर आलं, आडवा खुळखुळा नाही. इथे दोष नाही.

लिव्हर: हाताने ढकललं तर आधी थोडी मोकळी चाल, मग डायाफ्रामचा घट्ट अडसर लागला पाहिजे. मोकळी चाल खरखरीत लागली किंवा लिव्हर सोडल्या जागी थांबून राहिलं तर शाफ्टचे बुश सुकलेत किंवा गंजलेत. पाण्यातून फिरणाऱ्या आणि किनाऱ्यालगतच्या गाड्यांत हे हमखास आढळतं. शाफ्टच्या बाहेरच्या टोकावर स्प्रे मारला की काही दिवस बरं वाटतं, पण तेल आत ओघळून क्लच प्लेटला लागलं तर प्लेट घसरते. तिथे गिअरबॉक्स उतरवणं हाच उपाय, आणि उतरवलाच आहे तर बेअरिंग, बुश आणि प्लेट एकत्र बघून घ्यावेत. माझं लिव्हर मात्र साफ होतं.

उरली वायर. आतली तार दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली: एका वळणाजवळ ती अडकत होती. वायर पूर्ण काढली. बाहेरचं कव्हर त्याच जागी कडक झालेलं, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं. सायलेन्सरचा पाइप त्या वळणापासून बराच लांब होता, म्हणजे उष्णता बाहेरून आलेली नव्हती.

अशा वेळी अर्थिंग तपासायचं. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, त्यामुळे स्टार्टरचा करंट परत बॅटरीकडे जायला जाड अर्थ पट्टी लागते. ती गंजली किंवा तुटली की करंट मिळेल तो धातूचा रस्ता धरतो, आणि बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी क्लच वायर हा तसाच रस्ता आहे. प्रत्येक स्टार्टला वायर तापते, आणि हळूहळू अस्तर जातं.

मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवला. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही. दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन कॉइलची (ठिणगीसाठी वीज देणारी) बारीक वायर काढलेली, म्हणजे इंजिन चालू होत नाही. मग कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगितलं. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, 0.5 च्या वर गेलं तर अर्थिंग खराब. इथे आकडा एक व्होल्टच्याही वर गेला. तीच प्रोब बॉडीच्या धातूवर धरल्यावर जवळपास शून्य. म्हणजे बॅटरी ते बॉडी जोडणी चांगली, इंजिन ते बॉडी पट्टी गेलेली. काढून पाहिली तर बोल्टखाली हिरवट गंज आणि अर्ध्याहून जास्त तारा तुटलेल्या.

नवी पट्टी किमान 16 चौरस मिमीची घ्यावी. दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासल्या, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळले आणि वरून व्हॅसलीन लावलं. पुन्हा मोजलं, आकडा 0.1 च्या आसपास आला. त्यानंतरच नवी क्लच वायर गाडीत टाकली.

वायर घेताना जुनी सोबत न्यावी, बाहेरच्या कव्हरची आणि आतल्या तारेची लांबी जुळवावी. मारुती 800 ची वायर यात चालत नाही. अस्तर असलेल्या वायरमध्ये ग्रीस भरू नये, धूळ चिकटून ती उलट जड होते. ग्रीस फक्त टोकाच्या हुकाला आणि पेडलच्या पिनला. वळणं मोठी ठेवावीत, सगळ्या क्लिप परत लावाव्यात, गिअरबॉक्सकडचा रबरी बूट फाटका असेल तर बदलावा, कारण पाणी तिथूनच शिरतं.

शेवटी प्ले, म्हणजे पेडलची मोकळी चाल. पेडल दहावीस वेळा पूर्ण दाबून वायर बसू दिली, मग पेडलच्या तळव्याशी मोजपट्टी धरून ही चाल सुमारे 2 सेंटीमीटर ठेवली आणि लॉक नट आवळला. प्ले कमी राहिला तर बेअरिंग कायम फिरत राहतं आणि प्लेट घसरते. जास्त राहिला तर क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. इंजिन मंद चालू ठेवून क्लच दाबायचा, तीन सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा: आवाज न होता पडला तर प्ले बरोबर. नवी वायर थोडी बसते, त्यामुळे पाचेकशे किलोमीटरनंतर प्ले वाढलेला आढळतो आणि पुन्हा लावावा लागतो. पुढे तोच प्ले आपोआप कमी होत गेला आणि क्लच वरच पकडू लागला, तर वायरला हात लावण्याआधी प्लेट झिजलीय का ते बघावं.