आधी सांगा, तिथून कधी निघणार?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. विचारणारी कुटुंबं बदलतात, शहरं बदलतात, प्रश्न मात्र जवळपास तोच असतो: "आमची परदेशी बदली झाली आहे. तिथे दोन-तीन ब्रिटिश इंटरनॅशनल शाळा आहेत. बोर्डिंग नको, मुलं रोज घरी यायला हवीत. कुठली शाळा घ्यावी?" मी अशा शाळांमध्ये शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो. आणि उत्तर देण्याआधी मी प्रत्येकाला एकच विचारते: तुम्ही तिथून कधी निघणार?

काहींना हे विचित्र वाटतं. अजून सामान बांधलेलं नाही आणि ही बाई निघण्याचं विचारते आहे. पण नोकरीसाठी देश बदलणाऱ्या कुटुंबाचं मूल एकाच शाळेत लहानाचं मोठं होईल याची खात्री नसते. ते मध्येच कधीतरी येतं आणि मध्येच कधीतरी जातं. ब्रिटिश अभ्यासक्रमाची रचना अशी आहे, की काही वर्षांत हे येणं-जाणं सहज निभतं आणि काही वर्षांत त्याची फार मोठी किंमत मोजावी लागते. तुमचा मुक्काम यातल्या कुठल्या वर्षांवर पडतो, हे शाळेच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

इंग्लंडचा राष्ट्रीय अभ्यासक्रम १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्यातून आला आणि परदेशातल्या बहुतेक ब्रिटिश शाळा तोच पाया धरून चालतात. इयर वन आणि टू हा एक टप्पा, तीन ते सहा दुसरा, सात ते नऊ तिसरा. इयर नाइन संपेपर्यंत, म्हणजे मूल साधारण चौदा वर्षांचं होईपर्यंत, एका ब्रिटिश शाळेतून दुसरीत जाणं फारसं जड जात नाही. गणितात एखादा धडा पुढे-मागे झालेला असतो, इतिहासात रोमन दोनदा शिकावे लागतात, एवढंच. पण इयर नाइनमध्येच मुलं पुढच्या परीक्षेचे विषय निवडतात, आणि इयर टेन व इलेव्हन ही दोन वर्षं मिळून आयजीसीएसईचा, म्हणजे साधारण सोळाव्या वर्षी द्यायच्या परीक्षेचा, एक सलग अभ्यास असतो. ही परीक्षा केंब्रिज या परीक्षा मंडळाची असू शकते, पिअर्सन एडेक्सेल या मंडळाचीही असू शकते. विषयाचं नाव एकच असलं तरी पाठ्यक्रम, घटकांचा क्रम, इंग्रजी साहित्यात लावलेली पुस्तकं, प्रश्नपत्रिकेची पद्धत सगळं वेगळं असतं. इयर टेनच्या शेवटी शाळा बदललेल्या मुलाला मी इयर इलेव्हनमध्ये बसलेलं पाहते, तेव्हा वाईट वाटतं. ते हुशार असतं, मेहनती असतं, आणि तरीही त्याला एका वर्षात दोन वर्षांचं अनोळखी काम उरकायचं असतं. इयर ट्वेल्व्ह आणि थर्टीन, म्हणजे विद्यापीठाआधीच्या ए लेव्हल परीक्षेची दोन वर्षं, याबाबतीत आणखी कडक.

म्हणून माझा आग्रह असा, की मुलाच्या वयाची वर्षं आणि कराराची वर्षं एका कागदावर समोरासमोर लिहा. करार तीन वर्षांचा असेल आणि मूल आज बारा वर्षांचं असेल, तर परतीची वेळ बरोब्बर परीक्षेच्या तोंडावर येते. हे आज दिसलं तर कंपनीशी आजच बोलता येतं. पगाराच्या बोलण्यात शाळेच्या फीचा विषय सगळे काढतात, पण बदली परीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात व्हावी अशी अट मागून घेणारे पालक फार थोडे. ती अट फीइतकीच मोलाची आहे असं मला मनापासून वाटतं. ती मिळालीच नाही, तर पुढच्या शहरात त्याच परीक्षा मंडळाची शाळा आहे का, हे तरी आत्ताच बघून ठेवता येतं.

लहान मुलांच्या बाबतीत घोटाळा वेगळ्या जागी होतो. इंग्लंडचं शालेय वर्ष सप्टेंबरात सुरू होतं आणि वयाची मोजणी ३१ ऑगस्टला संपते. तोपर्यंत पाच वर्षं पूर्ण झालेलं मूल इयर वनमध्ये बसतं. त्याआधी रिसेप्शनचं एक वर्ष असतं आणि त्यातच अक्षरांचे ध्वनी जोडून वाचायला शिकवायला सुरुवात होते. जगातल्या बऱ्याच देशांत औपचारिक शाळा सहाव्या वर्षी सुरू होते, फिनलंडमध्ये तर सातव्या. अशा ठिकाणाहून आलेलं सहा वर्षांचं मूल थेट इयर टूमध्ये येतं, तेव्हा भोवतालची मुलं छोटी पुस्तकं वाचत असतात आणि याने अजून एकही शब्द वाचलेला नसतो. हे मूल मागे पडलेलं नाही, त्याच्या देशाचं वेळापत्रक वेगळं होतं. चांगल्या शाळेला हे माहीत असतं आणि ती काही महिन्यांत अंतर भरून काढते. म्हणून एक वर्ष खाली बसवा असा हट्ट धरू नये, आणि "याची दुसरी झाली आहे, तिसरीतच घ्या" असा तर अजिबात नाही. समवयस्कांबरोबर बसलेलं मूल लवकर रुळतं.

आता पाटीवरच्या "ब्रिटिश" या शब्दाबद्दल. परदेशात हे नाव लावायला ब्रिटनची परवानगी लागत नाही. वह्या इंग्लंडच्या, गणवेशाला टाय आणि प्रार्थनासभा एवढ्यावर शाळा ब्रिटिश म्हणवून घेऊ शकते. म्हणून मी पालकांना ब्रिटिश स्कूल्स ओव्हरसीज, थोडक्यात बीएसओ, तपासणीचा अहवाल शोधायला सांगते. ही योजना इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये सुरू केली. खात्याने मान्यता दिलेल्या संस्था शाळेत जाऊन शिकवणं, मुलांची सुरक्षितता, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी पडताळणी, इमारत, तक्रारींची व्यवस्था हे सगळं इंग्लंडमधल्या स्वतंत्र शाळांच्या निकषांना धरून तपासतात, आणि ही तपासणी दर तीन वर्षांनी पुन्हा करावी लागते. अहवाल सर्वांना वाचता येतात. त्याशिवाय कोबिस, आशियात फोबिसिया, आखातात बीएसएमई अशा शाळांच्या संघटना आहेत. सदस्यत्व ही चांगली खूण आहे, पण तपासणीच्या अहवालाची जागा ते घेत नाही. काही ठिकाणी स्थानिक सरकारही तपासतं. दुबईत केएचडीए ही संस्था खासगी शाळांचे अहवाल जाहीर करत आली आहे. असा अहवाल असेल तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

वाचायचे कसे? वरची शाबासकीची वाक्यं सोडा आणि सुधारणा सुचवणारा भाग गाठा. मग त्याआधीचा अहवाल काढा. तीच सूचना दोन्हीकडे असेल, तर मधल्या काळात कोणी तिकडे लक्ष दिलेलं नाही. मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा त्याच मुद्द्यावर विचारा. उत्तर कसं येतं, त्यावरून शाळेचा स्वभाव कळतो.

पण अहवालातून नीट न कळणारी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी: शिक्षक किती टिकतात. परदेशी शाळांत शिक्षकांचे करार बहुधा दोन वर्षांचे असतात. म्हणजे मुलांसारखेच शिक्षकही येतात आणि जातात. एखाद्या शाळेत दर उन्हाळ्यात मोठा गट निघून जात असेल, तर सप्टेंबरात अर्ध्या वर्गांसमोर नवा माणूस उभा असतो. त्याला मुलं ठाऊक नसतात, गाव ठाऊक नसतं, आणि कधीकधी अभ्यासक्रमही नवा असतो. आपलं मूल नवं असताना वर्गशिक्षक तरी जुने असावेत, ही अपेक्षा रास्त आहे. म्हणून सरळ विचारा: गेल्या वर्षी किती शिक्षक गेले? पहिला करार संपल्यावर साधारण किती जण पुन्हा करार करतात? मुख्याध्यापक किती वर्षं इथे आहेत? ज्या शाळेला आपल्या शिक्षकांचा अभिमान आहे, ती हे आकडे तोंडपाठ सांगते. जिथे विषय जलतरण तलावाकडे वळतो, तिथे मी तरी माझं मूल घालणार नाही.

शाळेत येणाऱ्याचं आणि जाणाऱ्याचं काय होतं, हेही विचारा. जानेवारीत आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात सोबत कोण देतं? निघणाऱ्या मुलाचा निरोप होतो का, की त्याचा खण एका दुपारी रिकामा होतो आणि पुढे कोणी नाव काढत नाही? मुलं हे बारकाईने पाहतात. जवळचे मित्र दर जूनमध्ये निघून जाताना बघून काही मुलं नवी मैत्री करायचीच थांबवतात. ज्या शाळा हे ओळखतात, त्या यासाठी माणूस नेमतात, वेळ राखून ठेवतात.

रोज घरी येणारी शाळा हवी, असं तुम्ही म्हणता त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. नव्या देशात मुलाला दिवसाच्या शेवटी आपलं माणूस दिसायला हवं. पण मग रस्त्याचा हिशेब करावा लागतो. मोठ्या शहरात बसचा मार्ग अंतराने नाही, थांब्यांनी लांबतो. नकाशावर वीस मिनिटांचा रस्ता बसमधून तासाचा होतो, आणि सकाळ-संध्याकाळ मिळून ते दोन तास खेळातून, झोपेतून, नुसतं घरात लोळण्यातून वजा होतात. घर आधी ठरवून शाळा शोधण्यापेक्षा शाळा पक्की करून घर शोधा. आणि शाळेला विचारा, की तुमच्या मुलाच्या वर्गातली मुलं राहतात कुठे. वर्गमित्र शहराच्या चार टोकांना विखुरलेले असतील, तर प्रत्येक वाढदिवस आणि प्रत्येक खेळ मोटारीनेच गाठावा लागतो. शाळा संपल्यावर चालत कोणाच्या तरी घरी जाता येणं, ही परक्या शहरात मुलाला मिळणारी फार मोठी गोष्ट आहे.

घरी येणाऱ्या मुलाचा आणखी एक लाभ म्हणजे घरची भाषा. मूल इंग्रजीत कच्चं असेल तर शाळेची भाषासाहाय्याची सोय नीट पाहा: शिक्षक वर्गात शेजारी बसून मदत करतात, की मुलाला रोज वर्गाबाहेर नेतात? फी वेगळी आहे का? मदत किती महिन्यांनी थांबते? पण त्यासाठी घरातली भाषा बदलू नका. मायभाषेत भक्कम असलेलं मूल दुसरी भाषा जास्त भरभक्कम उभी करतं, हे मी वर्गात सतत पाहत आले आहे. यजमान देशाची भाषाही मनापासून घ्या. संयुक्त अरब अमिरातींत तर खासगी शाळांना अरबी शिकवावीच लागते. तो तास मुलाने नुसता बसून काढला तर वाया जातो. मन लावलं तर मूल त्या देशात पाहुणं राहत नाही.

फीबद्दल थोडक्यात. जाहिरातीतला आकडा पुरा नसतो. नोंदणी, डिपॉझिट, काही शाळांत इमारत निधी, बस, जेवण, सहली, परीक्षा शुल्क हे सगळं मिळवून वर्षाचा आकडा लेखी मागा. यातलं काय परत मिळतं आणि काय नाही, तेही लेखी. शाळा सोडताना बहुतेक ठिकाणी एक पूर्ण टर्म आधी कळवावं लागतं, नाहीतर त्या टर्मची फी भरावी लागते. बदलीचा हुकूम इतका आधी क्वचितच येतो, तेव्हा हा भार कंपनी उचलेल का, हे करारातच लिहून घ्या.

मोठ्या मुलांसाठी सोळानंतरचा रस्ता पाहूनच शाळा निवडा. सगळ्या ब्रिटिश शाळा ए लेव्हलकडेच नेत नाहीत. हाँगकाँगमध्ये इंग्लिश स्कूल्स फाउंडेशनच्या माध्यमिक शाळांत पुढे आयबी डिप्लोमा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा वेगळा अभ्यासक्रम, आहे, तर ब्रसेल्सच्या ब्रिटिश शाळेत दोन्ही पर्याय मिळतात. ए लेव्हलमध्ये बहुधा तीन विषय खोलवर, आयबीत सहा विषय आणि एक दीर्घ निबंध. काय आवडतं ते नक्की ठाऊक असलेलं मूल तीन विषयांत खुलतं. ज्याला अजून कुठलाच विषय सोडावासा वाटत नाही, त्याला सहा बरे. मायदेशी परतून विद्यापीठात जायचं असेल, तर तिथे कुठले विषय आणि कुठल्या श्रेणी मान्य होतात हे इयर नाइनमध्येच तपासा, कारण आयजीसीएसईच्या वेळी सोडलेलं विज्ञान पुढे परत घेणं अवघड असतं. आणि एक गैरसमज फार पसरलेला आहे: ब्रिटिश शाळेत शिकल्याने ब्रिटनच्या विद्यापीठात स्थानिक फी लागू होत नाही. ती मुख्यतः तिथे कायम राहण्याचा तुमचा हक्क आणि अभ्यासक्रम सुरू होण्याआधीच्या तीन वर्षांचं वास्तव्य यावर ठरते. परदेशी राहिलेल्या ब्रिटिश कुटुंबांनाही हे उशिरा कळतं.

शाळा बघायला जाल तर साध्या कामाच्या दिवशी जा. खास दिवशी सगळ्याच शाळा छान दिसतात. मधली सुट्टी सुरू होईल अशा बेताने पोहोचा आणि मैदानाच्या कडेला थोडा वेळ नुसते उभे राहा. एकटी मुलं किती आहेत, त्यांच्याकडे कोणी मोठं माणूस जातं का, ते बघा. शाळा दाखवायला विद्यार्थी दिला, तर त्याला विचारा, "तू इथे कधी आलास आणि पहिला मित्र कसा मिळाला?"

जागा नाही असं उत्तर आलं, तरी यादीत नाव राहू द्या. या शाळांत कुटुंबं उन्हाळ्यात हलतात, त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये जागा अचानक रिकाम्या होतात. प्रवेश कार्यालयाला महिन्यातून एकदा छोटं पत्र लिहून तुम्ही अजून वाट पाहता आहात हे कळवा, आणि मुलाची मागच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं, लसीकरणाची नोंद आणि जुन्या शाळेचं शिफारसपत्र तयार ठेवा. जागा मिळाल्याचा फोन आला की होकाराला अनेकदा दोन-चार दिवसांचीच मुदत असते.